आधी तुमी सांगा

गर्भ आत सोडून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी धम्मशीलाला सांगितलं, की आजपासून चौदाव्या दिवशी रक्त तपासायला यायचं. त्याआधी घरी किट लावून बघायचं नाही, जड उचलायचं नाही आणि मन प्रसन्न ठेवायचं. मन प्रसन्न ठेवायचं हे त्या तिच्या नवऱ्याकडे, सिद्धोधनकडे बघून बोलल्या, जणू ते त्याच्याकडं सोपवलेलं काम होतं. धम्मशीलानं टेबलावर पडल्या पडल्याच विचारलं, राग आला तर गर्भ टिकत नाही असं काही असतं का? बाई हसल्या. असं काही नसतं म्हणाल्या, पण राग करायचा तरी कशाला?

नांदेडहून पूर्णेला गाडीनं येताना सिद्धोधननं तिला खिडकीची जागा मिळवून दिली, पाठीमागं स्वतःचा स्वेटर घडी करून ठेवला. ही तिसरी खेप होती. आधीच्या दोन फुकट गेल्या होत्या आणि दवाखान्यात गोठवून ठेवलेल्या गर्भांतलं आता काही शिल्लक नव्हतं. पुन्हा करायचं म्हटलं तर सगळं पहिल्यापासून, म्हणजे पोटात रोज दोन सुया, मग बेशुद्ध करून बीजं काढणं, मग आठवडाभर फुगलेलं पोट. तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती स्वतः सिस्टर होती. पूर्णेपासून अकरा किलोमीटरवरच्या एका उपकेंद्रात नऊ वर्षं ती गावोगावच्या गरोदर बायांची नावं लिहीत होती, त्यांची वजनं करत होती, त्यांना धनुर्वाताची इंजेक्शनं देत होती.

सिद्धोधन पूर्णा जंक्शनला सिग्नलच्या खात्यात होता. घरात ही दोघं आणि त्याचे आईवडील. वडील तात्याराव हायस्कूलचे निवृत्त मास्तर. पौर्णिमेला विहारात त्यांचं भाषण असायचं आणि त्यात एक गोष्ट ते हमखास सांगायचे, की कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा, पटलं तर घ्या. आई कुसुमबाई शिकलेली नव्हती, पण घर तिच्या शब्दावर चालायचं. सुनेवर ती हात उचलत नव्हती, उपाशी ठेवत नव्हती. फक्त कुणी विचारलं की निःश्वास टाकून सांगायची, "काय करावं, आमच्या शीलाला धरतच न्हाई."

धम्मशीलाला धरत नव्हतं हे खरं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी दोघांच्या तपासण्या झाल्या तेव्हा तिचं सगळं व्यवस्थित निघालं होतं. दोष सिद्धोधनमध्ये होता. शुक्राणू अगदी थोडे आणि जे होते ते अशक्त. त्या दिवशी परतीच्या गाडीत तो दाराशी उभा राहून रडला होता. मग तिच्याजवळ येऊन म्हणाला होता, घरी आत्ताच सांगू नको, मी सांगतो, वेळ बघून. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि बरं म्हटलं. तेव्हा तिला त्याची दया आली होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर प्रेमही फार होतं. ती वेळ सहा वर्षांत आली नाही. त्याच्या रिपोर्टची फाईल त्यानं कामाच्या ठिकाणी कपाटात ठेवली होती. तिच्या फायली मात्र घरातल्या शोकेसमध्ये होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा.

पहिले चार दिवस ती रजेवर पडून होती. गर्भ टिकावा म्हणून रोज सकाळी कमरेत तेलाचं इंजेक्शन. ते ती स्वतःच आरशात बघून घ्यायची, कारण सिद्धोधनला ते टोचवत नव्हतं. कुसुमबाई वेळेवर दूध आणून द्यायची, उठू नको म्हणायची. घरात सगळे हलक्या आवाजात बोलायचे. आणि हे सगळं तिच्या डोक्यात जायचं. या शांततेत एक हिशेब होता असं तिला वाटायचं, की आमी एवढं केलं, आता तुझं तू दाखव.

पाचव्या दिवशी सेलूहून कस्तुराबाई आली. ती कुसुमबाईची धाकटी बहीण. आधी आत येऊन धम्मशीलाच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, मग बाहेर बैठकीत जाऊन बसली. दोन खोल्यांच्या मध्ये नुसता पडदा होता. कस्तुराबाईनं आवाज खाली केला, पण तिचा खालचा आवाजसुद्धा गल्लीत ऐकू जाईल असा होता. तिनं सांगितलं, की त्यांच्या शेजारी एक मुलगी आहे, सोडचिठ्ठी झालेली, वय तीस, एक मूल होऊन गेलेलं. म्हणजे तिला मूल होऊ शकतं हे सिद्ध झालेलं.

"आता ह्या खेपेला न्हाई झालं तर किती दिवस वाट बघायची?" ती म्हणाली. "पोराचं वय चाललंय. तिच्यातच खोट हाय त्याला पोरगा काय करील?"

कुसुमबाईनं बहिणीच्या कपात चहा ओतला. तात्याराव पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. सिद्धोधन चहा पीत होता. धम्मशीला पडद्याआड उठून बसली. तिला वाटलं, आता तो बोलेल. दुसरं काही नाही तरी मावशी, असलं बोलू नका, एवढं तरी म्हणेल.

सिद्धोधन म्हणाला, "बघू मावशी."

एवढंच. मग कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

रात्रीच्या जेवणाआधी तो खोलीत आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, काय बघणार आहात? त्याला आधी कळलं नाही, किंवा कळलं नाही असं त्यानं दाखवलं. मग म्हणाला, मावशीच्या तोंडी कोण लागणार, ती जाईल उद्या, म्हणून बोललो. धम्मशीला म्हणाली, तुमी दुसरं लग्न करणार न्हाई हे मला माहीत हाय. मी ते विचारत न्हाई. माझ्यात खोट हाय असं तुमच्यासमोर कुणी म्हणालं आणि तुमी चहा पीत राहिलात, मी ते विचारायले.

"शीला, हे दिवस जाऊ दे," तो म्हणाला. "डॉक्टरनं काय सांगितलंय? मन शांत ठेव. आत्ता राग करू नको."

तिच्या तोंडाशी आलेलं तिथंच थांबलं. राग करू नको हे त्यानं असं म्हटलं होतं, की उद्या काही बिघडलं तर ते तिच्या रागामुळं बिघडलं असं म्हणायला जागा राहावी. त्याच्या मनात तसं नसेलही. पण इतक्या वर्षांत तिला ही घराची भाषा पाठ झाली होती. ती आडवी झाली आणि तोंड भिंतीकडं केलं. पोटावर हात ठेवायची तिला सवय लागली होती, तो हात तिनं काढून घेतला. आत जे काही होतं त्याला आपला राग कळू नये असं तिला वाटलं, आणि असं वाटलं याचाही तिला राग आला.

आठव्या दिवशी ती कामावर रुजू झाली. स्कूटी चालवायची नाही म्हणून सिद्धोधननं रिक्षा ठरवून दिली. उपकेंद्राच्या कपाटात तपासणीच्या किटची अख्खी खोकी होती. रोज तिच्या हातून दोन-तीन किट जायच्या. एक आपल्यासाठी काढायला काही अवघड नव्हतं, पण ती काढली नाही. आधीच्या खेपेला अकराव्या दिवशी तिनं काढली होती, आणि एकाच रेघेकडं बघत उपकेंद्राच्या संडासात तासभर उभी राहिली होती. ह्या वेळी नाही.

नवव्या दिवशी बबिता नावाची मुलगी आली, सासूबरोबर. लग्नाला तीन वर्षं. पाळी आठ दिवस पुढं गेली होती. किट लावली तर एकच रेघ. बबितानं पदर तोंडाशी धरला. सासू म्हणाली, मला माहीतच होतं. मग धम्मशीलाला म्हणाली, की सिस्टर, हिला काही गोळ्या द्या, हिच्या कोठ्यातच काहीतरी बिघाड हाय, आमच्या घराण्यात असं कुणाचं न्हाई.

धम्मशीलानं पेन खाली ठेवलं. "तुमच्या पोराला घेऊन या," ती म्हणाली. "त्याची तपासणी आधी करू. ती सोपी असती, सुईबी टोचावी लागत न्हाई. तो येईपर्यंत हिला बोलायचं न्हाई."

सासूचा चेहरा उतरला. माझ्या पोराला काय झालंय, असं ती पुटपुटली, पण आवाजात जोर नव्हता. बबितानं पदर खाली केला आणि पहिल्यांदाच वर बघितलं. दोघी गेल्यावर धम्मशीलानं वहीत नोंद केली आणि मग तिच्या लक्षात आलं. दुसऱ्याच्या घरातलं जे ती एका दमात बोलून गेली होती, ते स्वतःच्या घरात तिला सहा वर्षांत बोलता आलं नव्हतं. का, तर तिनं एका माणसाला गाडीत बरं म्हटलं होतं म्हणून. संध्याकाळी रिक्षात बसेपर्यंत तिनं काय करायचं ते ठरवलं होतं.

चौदाव्या दिवशी, गुरुवारी, ती एकटीच नांदेडला गेली. सिद्धोधननं रजा टाकली होती, पण ती म्हणाली तुमी कामाला जा. रक्त देताना तिनं दवाखान्यातल्या मुलीला सांगितलं, की रिपोर्ट फक्त माझ्या फोनवर पाठवा, नवऱ्याच्या नको. मुलीनं तसं लिहून घेतलं. दुपारी दीड वाजता ती नांदेड स्टेशनच्या बाकावर बसून डब्यातली भाकरी खात होती तेव्हा फोन वाजला. आकडा दोनच्याही खाली होता. त्याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. गर्भ चिकटलाच नव्हता.

तिनं डबा झाकला. हात धुवून आली. मग परत त्याच बाकावर बसून तिनं एक गाडी जाऊ दिली आणि नंतरचीही जाऊ दिली. शेजारी एक बाई तिच्या लेकराला बिस्किट भरवत होती, धम्मशीला उठून लांबच्या बाकावर गेली. तिला रडू आलं, ते पुष्कळ आलं, आणि ओढणीत तोंड घालून ती रडली. पण रडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिनं ठरवलेलं बदललं नाही. उलट आता ते करणं जास्त गरजेचं होतं.

घरी तिघंही वाट बघत होते. सिद्धोधन लवकर सुटून आला होता. कुसुमबाईनं शेवयाची खीर करून झाकून ठेवली होती. धम्मशीलाच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते तिघं बघत होते. नऊ वर्षं लोकांना त्यांचे रिपोर्ट सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून काय कळणार.

ती बसली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "रिपोर्ट आलाय. मला माहीत हाय. तुमालाबी सांगीन. पण त्याच्या आधी," ती सिद्धोधनकडं वळली, "सहा वर्षांमागं जो रिपोर्ट आला होता, तो तुमी सांगा. आईला, बाबाला. आधी तुमी सांगा, मग मी सांगते."

 कुसुमबाई म्हणाली, कोणता रिपोर्ट, हे काय चालवलंस? तात्यारावांनी चष्मा काढला, परत घातला. सिद्धोधन उठला आणि नाईट ड्यूटीवर एकाला बदली पाहिजे होती असं म्हणून घराबाहेर पडला.

मग वाट बघायची पाळी त्यांच्यावर आली. शुक्रवारी कुसुमबाई आधी गोड बोलली. माय, सांग की, जीव टांगणीला लागलाय. मग चिडली. आमी तुला इतकं जपलं आन् तू असा छळ मांडलास, म्हणाली. धम्मशीलानं शांतपणे भाजी चिरली आणि सांगितलं, की आई, मी काहीच लपवत न्हाई, तुमच्या पोरानं तोंड उघडलं की मीबी उघडते. तात्यारावांनी एकदा तिला बाजूला बोलावून विचारलं, काही गंभीर आहे का? ती म्हणाली, बाबा, तुमी दर पौर्णिमेला तपासून बघा म्हणता. सहा वर्षांत तुमी एकदा तरी तपासलं का, की ही खोट कुणी ठरवली? 

सिद्धोधन खोलीत आला की इंजेक्शनच्या खोक्याकडं बघायचा. त्याला वाटत होतं, रिपोर्ट चांगला असला तर इंजेक्शनं चालू राहतील. धम्मशीला हे ओळखून होती. ती रोज सकाळी एक इंजेक्शन खोक्यातून काढायची आणि उपकेंद्रात नेऊन टाकून द्यायची. खोकं रिकामं होताना बघून त्याचा चेहरा उजळायचा. एवढं निर्दय व्हायला आपल्याला जमतं याचं तिला आश्चर्य वाटलं. शनिवारी तो हात जोडून म्हणाला, "मला नुसतं सांग, हो का न्हाई. मग तू म्हणशील ते करतो."

"न्हाई," ती म्हणाली. "मग तुमी करणार न्हाई."

"तुझा माझ्यावर एवढाबी भरोसा न्हाई?"

"सहा वर्षं होता."

शनिवारी रात्री तिला रक्तस्राव सुरू झाला. तिनं कुणाला कळू दिलं नाही.

रविवारी दुपारी कस्तुराबाई परत आली. बहिणीनं फोनवर रडून सगळं सांगितलं होतं, म्हणून ती समजूत घालायला आली होती. सगळे जेवायला बसले. कस्तुराबाईनं दुसऱ्याच घासाला सुरू केलं, की बाईच्या जातीला एवढा ताठा बरा नव्हं, आधीच देवानं काही कमी केलंय. कमी केलंय हा शब्द तिनं धम्मशीलाकडं बघत उच्चारला.

सिद्धोधन ताटातून हात काढून बसला होता. तो म्हणाला, "मावशी, कमी माझ्यात हाय."

कुणाला नीट कळलं नाही. तो परत म्हणाला, आता जरा मोठ्यानं. माझ्यात दोष आहे. शीलाचं सगळं चांगलं आहे, पहिल्यापासून चांगलं होतं. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरनं सांगितलंय, मीच तिला गप्प राहा म्हणालो. तिला जेवढ्या सुया टोचल्या तेवढ्या माझ्यामुळं टोचल्या. एवढं बोलून तो थांबला. 

कुसुमबाई म्हणाली, "बायकोला झाकायला तू असं म्हणायलास."

तो उठला. दाराशी टांगलेल्या कामाच्या बॅगेतून त्यानं एक फाईल काढली आणि वडिलांसमोर ठेवली. म्हणजे ती तो आधीच घेऊन आला होता. तात्यारावांनी हात पुसले आणि फाईल पहिल्या पानापासून वाचली, परीक्षेचा पेपर तपासावा तशी. इंग्रजी त्यांना येत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी ती मिटली. "सहा वर्षं," ते म्हणाले. "आन् मी हितं बसून पेपर वाचत होतो." ते अर्ध्या ताटावरून उठून अंगणात गेले.

कस्तुराबाई पाणी प्यायली. मग तिला सेलूच्या गाडीची आठवण झाली. जाताना ती धम्मशीलाकडं न बघता गेली.

ती गेल्यावर तिघं उरले. कुसुमबाईनं आणि सिद्धोधननं एकदमच धम्मशीलाकडं बघितलं. त्यानं आपलं काम केलं होतं, आता तिची पाळी होती. त्याच्या डोळ्यांत आशा होती आणि ती बघून एक क्षण तिला खोटं बोलावंसं वाटलं.

"न्हाई राहिलं," ती म्हणाली. "गुरुवारीच आलाय रिपोर्ट."

सिद्धोधन मटकन खाली बसला. "इंजेक्शनं?"

"टाकून दिली."

 मग त्यालाही राग आला, पहिल्यांदाच, आणि तो खरा होता. "मग मला कशाला बोलायला लावलंस? जे व्हायचं ते तर झालंच होतं. सगळ्यांसमोर माझी इज्जत घालवून तुला काय मिळालं?"

"पोर राहिलं असतं तर तुमी कधीच बोलला नसता," धम्मशीला म्हणाली. "पेढे वाटले असते. आन् मीबी पोराकडं बघून गप्प बसले असते, जन्मभर. आता न्हाई राहिलं, तर निदान खोट तरी माझ्या नावावर न्हाई जाणार."

ती ताटं उचलायला वाकली तेव्हा कंबरेत कळ आली आणि ती तशीच खाली बसली. कुसुमबाईच्या ते लक्षात आलं. चार बाळंतपणं सोसलेली बाई होती ती, त्यातली तीन लेकरं गेलेली.  सुनेच्या हातातली ताटं तिनं घेतली, मोरीवर नेऊन स्वतः घासली. थोड्या वेळानं गरम पाण्याची पिशवी घेऊन खोलीच्या दाराशी आली. पोटात दुखायलंय का, असं तिनं विचारलं. तिला अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण ते तिच्या तोंडून निघेना.

"द्या इकडं," धम्मशीला म्हणाली. तिनं पिशवी घेतली, पण बसा म्हणाली नाही. कुसुमबाई उंबऱ्यावरूनच परत गेली.

पुढचे दिवस घरात कुणी कुणाशी फार बोललं नाही. राग ओसरेल असं धम्मशीलाला वाटलं होतं, तो काही ओसरला नाही. उलट सहा वर्षांत कुणी काय काय म्हटलं ते एकेक आठवत गेलं आणि ती सिद्धोधनला ते सांगत गेली, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. तो ऐकून घ्यायचा. पहिल्या आठवड्यात तो खुलासे द्यायचा. नंतर त्यानं ते बंद केलं. एक दिवस त्यानं आपणहून सांगितलं, की कामावर त्याच्या बरोबरच्या दोघांना त्यानं खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, बरं केलं. त्याला आणखी काही ऐकायचं असावं, पण तिच्याजवळ तेवढंच होतं.

महिनाभरानं नांदेडच्या दवाखान्यातून फोन आला. धम्मशीला स्वयंपाकघरात होती. कुसुमबाई लसूण सोलत होती, सिद्धोधन ड्यूटीवरून येऊन बूट काढत होता. पलीकडची मुलगी विचारत होती, की पुढं काय करायचं ठरलं, मॅडमना भेटायला कधी येता. धम्मशीलानं अर्धंच ऐकलं. मग फोन कानापासून काढून सिद्धोधनसमोर धरला.

"तुमी बोला. पेशंट तुमी. आन् मी इतक्यात काही करणार न्हाई, तेबी सांगा."

त्यानं हात पुसून फोन घेतला. आईकडं बघितलं. कुसुमबाईनं मान खाली घातली आणि लसूण सोलत राहिली. तो उठून बाहेर गेला नाही. तिथंच उभा राहून, दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं आपलं नाव सांगितलं, वय सांगितलं आणि विचारलं, की माझी तपासणी परत करायची असली तर कधी येऊ.

धम्मशीला तव्यावरची भाकरी उलटत होती. तिचा राग गेला नव्हता. पण तो काय बोलतोय ते ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.